नार्नूरचा डबा

वाठोरे सरांच्या घरी चहा प्यायचा असेल तर आधी हेतू सांगावा लागतो. पाहुणा खुर्चीवर टेकला रे टेकला की सर चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "चहाचा हेतू काय? तलफ, झोप घालवनं, का नुसतं बसनं?" पाहुणा गांगरतो. "हेतू कळला का मंग अटी पाहू. दूध किती हाय, ग्यास किती हाय, शोभा कुठं हाय." या अटींत बसला तर चहा मिळतो. नुसते बसायला आलेल्याला पाण्यावर भागवावे लागते.

मावला या गावात त्यांच्या भिंतीला भिंत लावून आम्ही राहतो. मी कचेरीत कारकून. दिवसभर लोकांच्या दरखास्ती चाळायच्या आणि संध्याकाळी सरांच्या ओसरीवर जाऊन बसायचे, हा माझा नेम. माझ्या पोटात काही राहत नाही असे माझी बायको म्हणते. खरे आहे, म्हणून तर हे लिहायला बसलो.

सर कॉलेजात गणित शिकवायचे. शिकवता शिकवता एक धडा त्यांच्या डोक्यात जाऊन बसला तो उठलाच नाही. लीनियर प्रोग्रामिंग. कोणता माल किती बनवायचा, कुठे किती पाठवायचा, हे हातात असलेल्या अटी मांडून काढायचे गणित. रिटायर झाल्यावर पोरे गेली, धडा उरला. मोडीत निघालेला एक फळा त्यांनी आणून ओसरीवर टांगला आणि आमच्या गल्लीचा संसार त्यावर मांडायला घेतला.

"जगात अडचन नसते नागोराव," ते मला सांगतात. "न मांडलेल्या अटी असतात."

एकदा गल्लीतल्या लग्नात त्यांनी पंगतीचा कारभार हौसेने अंगावर घेतला. वाढप्यांची पायपीट कमीत कमी व्हावी, हा हेतू. रांगा, बादल्या, वाढपी, सगळे फळ्यावर आले. पंगत अशी झपाझप उठली की आचारीसुद्धा बाहेर येऊन बघू लागला. मग कळले की नवरदेवाच्या ताटात लाडू पडलेलाच नाही. तो मांडवाच्या पार टोकाला बसलेला, तिथवर जाणे गणितात बसत नव्हते. वरबाप लालबुंद होऊन आला. सर थंड.

"नवरदेवाले लाडू पायजे, ही अट कोनी सांगितली होती काय मले?"

त्यानंतर लग्नकार्यात त्यांना कोणी खडू घेऊ दिला नाही. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे शोभावैनींच्या संघमने मात्र त्यांना सोडले नाही. संघम म्हणजे आमच्याकडचा बायकांचा बचत गट. उन्हाळा लागला की या बायका वैनींच्या गच्चीवर पापड आणि कुरडया घालतात आणि पत्र्याच्या डब्यांत भरून दुकानांना देतात. आता गच्ची तेवढीच. पापड एका उन्हात वाळतो, कुरडईला दोन उन्हे लागतात आणि जागाही ती ऐसपैस घेते. शिवाय माल जायचा तीन ठिकाणी. मावल्यात ऑटोने, बाजारहत्नूरला बसने आणि दूर नार्नूरला सरांच्या स्कूटरवर. सरांना असे गणित मिळणे म्हणजे सणच. त्यांनी ते सोडवले आणि खरोखर माल वाया जाईनासा झाला. तेव्हा बायकाही मानू लागल्या.

त्यांचा नियम एकच. "उत्तर आलं का मानायचं. मनाले विचारायचं नाई." स्वतःलाही सूट नाही. कुरडईवर जीव टाकणारा हा माणूस, पण एका उन्हाळ्यात उत्तरात घरच्यासाठी कुरडई उरली नाही, तर त्यांनी वर्षभर तिचे नाव काढले नाही. वैनींनी चोरून तळून दिली तरी ताट सरकवले.

यंदा मावल्यातला एक दुकानदार म्हणाला, तुम्ही कराल तेवढा माल मी उचलतो. बायका खूश. सर फळ्यापुढे उभे राहिले, संघम खाली सतरंजीवर बसली, मी दाराला टेकून. खडू सरसर चालला. बाजारहत्नूरला कबूल केलेले थोडे गेले, बाकी सारे मावल्याला, आणि नार्नूरपुढे शून्य आले.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सर मात्र तसेच उभे. त्यांनी पुन्हा एकदा सगळे पडताळून पाहिले. शून्यच. त्या संध्याकाळी त्यांनी कोणाला हेतू विचारला नाही आणि चहाही घेतला नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर खाली एक नवी ओळ होती. नार्नूर: कमीत कमी एक डबा.

"ही अट कोनी टाकली?" वैनींनी विचारले.

"म्या."

"काऊन?"

"अटीले काऊन नसते."

"नवरदेवाच्या लाडवाले तुमी 'अट कोनी सांगितली' म्हनून इचारलं ना, मंग याले आमी काऊन नाई इचारायचं?"

सर खडूची धूळ झटकू लागले. वैनींपुढे हार खाल्लेले मी त्यांना पुष्कळदा पाहिले आहे, पण फळ्यापुढे कधी नाही. शेवटी वैनींनी निकाल दिला. "भाऊजी, तुमी यांच्यासंगं नार्नूरले जाऊन या. तिथं माल खपते का नाई ते पाहा. खपत असंल तर राहू द्या, नाई तर नार्नूर बंद."

निघालो. मांडीवर डबा घेऊन मी मागे, पुढे सर. वाटेत एका झाडाखाली स्कूटर थांबवून त्यांनी आपणहून तोंड उघडले. नार्नूरचे दुकान त्यांच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे. आई गेल्यावर आक्कांनी लोकांच्या शेतात कापूस वेचून त्यांना शिकवले. आता त्या एकट्या आहेत आणि मावल्याला यायला राजी नाहीत.

"सहज भेटाले गेलो तं बसू देत नाई," सर म्हणाले. "म्हनते, मले काय झालं? घरदार सोडून कायले आला? आल्या पावली वापस धाडते. डबा घेऊन गेलो तं काम म्हनून बसू देते. जेवू घालते. दुकान आक्काचं हाय हे शोभाले ठाऊक हाय, पन हे नाई." मग चष्मा पुसत म्हणाले, "संघमचा माल हाय नागोराव. बायकांच्या मेहनतीत आपली बहीन कशी मांडू?"

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. काडेपेट्या, साबण, बिस्किटे. आक्का काटक, आवाज खणखणीत. "किसन्या, आला? डबा आनला का? मंग ये." ज्या माणसापुढे अख्खे कॉलेज उठून उभे राहायचे, तो किसन्या चपला काढून गुपचूप पाटावर बसला. आक्कांनी त्याला भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. तो जेवत असताना त्या समोर बसून राहिल्या, आणि मध्येच म्हणाल्या, "वाळला तू." सर पोटाने चांगले सुटलेले आहेत.

जेवण झाल्यावर सर हात धुवायला मागच्या नळावर गेले. मी हळूच विचारले, "आक्का, पापड खपतात ना इथं?"

आक्कांनी आतल्या खोलीचा पडदा सारला. भिंतीला लागून डब्यांवर डबे. बहुतेकांचे झाकणही उघडलेले नव्हते.

"या गावात घरोघरी पापड घालतात. इकत कोन घेईन?"

"मंग घेता कायले?"

"डबा नाई घेतला तं तो कायच्या कामानं येईन?" आक्का म्हणाल्या. "त्याले कामाबिगर बसताच येत नाई. लहानपनापासून तसाच हाय. तू सांगू नको त्याले."

मी मान डोलावली.

परत आल्यावर वैनी ओसरीवरच होत्या. "खपते का?"

मी सरांकडे पाहिले, फळ्याकडे पाहिले, आणि माझे पोट जिंकले. सगळे सांगून टाकले. झाडाखालचे, पडद्यामागचे, एकेक.

सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग वैनींनी पदराला हात पुसले, उठून खडू घेतला आणि सरांची ओळ पुसली. नार्नूर बंद, असे मला वाटले. पण त्या लिहू लागल्या. नार्नूर: आनायचे, एक डबा.

"दुकानदार माल पुरत नाई म्हनते," त्या फळ्याकडे बघतच म्हणाल्या. "आक्काचे डबे तिथं पडून राह्यले. घेऊन येत जा. आक्काच्या नावावर इकू. दर हप्त्याले जायचं."

सरांनी वळून पाहिले. डोळे ओले होते, पण गणित जागे झाले होते. "शोभा, स्कूटरवर एका खेपेत चार डबे बसतात. एक आननं म्हनजे..."

"एकच."

"पेट्रोल वाया जाईन."

"जाऊ द्या. अट हाय."

"अन् सारे डबे संपल्यावर?"

"मंग भरलेले न्यायचे," वैनी म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. हेतू कोणी विचारला नाही.