सुकरू आबाजीच्या पाहुण्या

आखाडात आमच्या घरच्या पिण्याच्या पाण्याला मासोळीचा वास यायचा. विहिरीचा दोष नव्हता बरं. दोष शेजारच्या सुकरू आबाजीचा. नाल्याला पूर आला रे आला की हा म्हातारा आमच्या परसदारातून आत शिरायचा, पिण्याच्या पाण्याची पितळी गुंडी उचलायचा, भरलेलं पाणी तुळशीला ओतायचा आणि रिकामी गुंडी खांद्यावर टाकून पळत सुटायचा. मागून माझी माय ओरडायची, "मामाजी, प्याच्या पान्याची हाये ते! तुमचं मडकं काऊन नाही नेत?"

न थांबता तो ओरडायचा, "लेकीले आनाले कोनी मडकं घेऊन जाते का वो?"

लेक म्हणजे मासोळी. हसा तुम्ही. आम्हीही हसायचो.

आमचं गाव दवनीवाड्याच्या अलीकडचं, धानाचं. गावाला लागून नाला, तो पुढे वैनगंगेला मिळतो. पावसाळ्यात नदीतली मासोळी त्या नाल्यानं उलटी चढायची, बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या खाचरांतून, वाट काढत वरच्या तलावात जायची आणि तिथे अंडी घालायची. मग नाल्यावर रपटा झाला. रपटा म्हणजे बुटका दगडी रस्ता, पूर आला की पाण्याखाली जातो. धानाच्या गाड्या गोंदियाच्या गिरणीला जाव्यात म्हणून गावच्या मालगुजारानं, म्हणजे जमीनदारानं, तो बांधवला. खाली पाण्याला दोन नळ्या ठेवल्या होत्या, त्याही गाळानं बुजल्या. आता मासोळी यायची आणि रपट्याच्या भिंतीला धडका द्यायची. उडी मारायची, आपटायची, पुन्हा उडी. गावाची चंगळच झाली म्हणा ना! टोपल्या काय, लुगड्याचे पदर काय, ज्याच्या हाताला जे लागेल त्यानं मासोळी उपसायची.

आणि त्या गर्दीत आबाजी. गुडघ्यावर धोतर, हातात टोपलं. पोट फुगलेली मासोळी दिसली की हळूच उचलून गुंडीत. बाकीच्यांवर ओरडणं चालूच. "ए गनपत, ठेव खाली! पोटुशी हाये ते! पाहुनी हाये, पाहुनी!"

"आबाजी, रस्स्यात टाकली का पाहुनीच बनते ते," गणपत म्हणायचा.

गुंडी भरली की आबाजी तलावाच्या पाळीवर चढायचा. कमरेची पुरचुंडी सोडून भाताचा मुटका काढायचा, गुंडीवरून ओवाळायचा, पाण्यात फेकायचा आणि मगच मासोळी सोडायचा. माहेरी आलेल्या लेकीवरून आपण दारात ओवाळून टाकतो ना, अगदी तसं. एकदा गोंदियाच्या बाजूचा एक गाडीवान हे बघत उभा राहिला. म्हणाला, "क्यों बाबा, मछली का गौना कर रहे हो क्या?"

"सासरी पाठवून नाही रायलो गा," आबाजी म्हणाला, "माहेरी आनून रायलो."

गाडीवान हसून हसून जुवाला धरून बसला.

आता तुम्हाला वाटेल, म्हातारा माळकरी असेल. कुठला हो! हिवाळा लागला की ह्याच्यासारखा मासोळीखाऊ पंचक्रोशीत नाही. आमच्या चुलीवर रस्सा उकळला की परसदारी खाकरणं ऐकू यायचं. माय मुद्दाम विचारायची, "काऊन मामाजी, आता पाहुनी नाही का हे?"

"आता बारंतपन आटोपलं ना वो तिचं," म्हणत तो पाट ओढून घ्यायचा आणि डोक्याचा तुकडा माझ्या ताटातून पळवायचा.

पाचसहा पावसाळ्यांत रपट्याखालची चंगळ ओसरली. तलावातही जाळं टाकावं तर हलकंच वर यायचं. बाबा आबाजीला चिडवायचे, "एका गुंडीनं तलाव भरते का गा?"

"नाही भरत," तो म्हणायचा. "पन दारात आलेली वापस नाही गेली पायजे."

हे बोलताना मात्र त्याचा आवाज खाली जायचा. आम्ही पोरं तेव्हा गुंडीत बोटं घालण्यात दंग.

मग एका आखाडात पूर आला आणि आमची गुंडी जागेवरच. माय दोनदा परसात जाऊन आली. शेवटी आबाजीच्या घरी गेली, मीही मागे. म्हातारा तापानं खाटेवर पडलेला. उशाशी पानावर भाताचा मुटका तयार होता. उठू बघत होता, पण पाय धरत नव्हते.

"पडून राहा," माय म्हणाली. "मी जातो."

गुंडी माझ्या डोक्यावर, टोपलं मायच्या हातात. रपट्याशी पोचल्यावर माय थबकली. पलीकडच्या काठाकडे पाहत म्हणाली, "भागरता तिथं बसली होती, गाडीत."

भागरता आबाजीची एकुलती लेक, नाल्यापलीकडे दिलेली. हा रपटा व्हावा म्हणून मालगुजाराच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांत आबाजी पहिला होता, लेकीची गाडी केव्हाही दारात यावी म्हणून. रपटा झाल्यावर गावचा डोंगा त्यानंच मागून घेतला. आता होडी कशाला हवी? पहिल्या बाळंतपणाला भागरता माहेरी निघाली तेव्हा ओवाळायचा भात घेऊन तो काठावर आला होता. पाणी रपट्यावरून धो धो चाललं होतं. बापलेक काठाकाठांवरून हाका मारत राहिले. डोंगा आबाजीच्या गोठ्यात होता, तो चिरून केलेल्या गव्हाणीत बैल कोंडा खात होते. गाडी परत गेली. भागरता सासरीच बाळंत झाली आणि उठली नाही.

"हातातला भात तसाच पान्यात फेकला त्यानं," माय म्हणाली, आणि लुगडं खोचून पाण्यात उतरली.

त्या दिवशी जेमतेम काही डाडक मासोळ्या मिळाल्या. मायनं त्या तलावात सोडल्या. परत आलो तर आबाजी दाराकडे डोळे लावून होता.

"भात ओवाळला?"

"ओवाळला, मामाजी."

"गेल्या आत?"

"गेल्या. एकही वापस नाही गेली."

त्यानं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

दर वर्षी माय ती गुंडी राख आणि चिंच लावून, आबाजीच्या नावानं बोटं मोडत घासायची. त्या दिवशी नुसती विसळली आणि भरून ठेवली. सकाळी बाबांनी गडवा तोंडाशी नेला, वास आला तसे थांबले, मायकडे पाहिलं.

आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.