लठ्ठ उंदरांचा काढा

प्रयोगशाळेतल्या मुख्य संशोधकांच्या यकृतावर चरबी साचली होती आणि त्याच विषयावरचा प्रकल्पही त्यांच्याकडेच होता. प्रस्तावात या योगायोगाची नोंद नव्हती.

डॉक्टरांनी त्यांना ताट निम्मं करायला सांगितलं होतं. जेवणावर एवढा जीव असलेल्या माणसाला असं सांगायला डॉक्टरांची जीभ रेटली तरी कशी! त्यामुळे संशोधकांची सगळी भिस्त एका जुन्या चिनी काढ्यावर होती. यकृत पित्ताम्लं बनवतं, ती आतड्यात जाऊन परत येतात; काढ्याने ही ये-जा सुरळीत झाली की चरबी उतरेल, असं प्रकल्पाचं गृहीतक होतं. त्यात ताटाचा उल्लेख कुठेच नव्हता.

लठ्ठ उंदरांच्या खाण्यात काढा मिसळला. बघता बघता उंदीर सडपातळ झाले, पित्ताम्लं ताळ्यावर आली. त्या आनंदात संशोधक दोनदा जेवले.

पण तपासणी समितीने खुसपट काढलं. काढा कडूजहर, उंदरांनी खाणंच कमी केलं असेल तर? मग दुसऱ्या लठ्ठ उंदरांना काढ्याशिवाय, पण तेवढंच थोडं खाणं दिलं. तेही लेकाचे तसेच बरे झाले.

संचालकांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, कमी खाणं हे काय औषध झालं? बाटलीत भरणार काय?"

"मग काय करू, साहेब?"

"काढा चविष्ट करा. पोटभर खाऊन उंदीर बरे झाले पाहिजेत. मग श्रेय काढ्याचंच."

काढ्यात साखर आली, लोणी आलं. उंदीर खाण्यावर तुटून पडले आणि पुन्हा टम्म फुगले. समितीने काढ्याच्या चवीमुळे होणाऱ्या दुष्परिणामांवर नवा, मोठा प्रकल्प मंजूर केला.

संशोधकांचा स्वतःचा तपासणी अहवाल मात्र आणखी बिघडला. आता ते खरोखर घाबरले.

"अहो, उंदरांना जमलं ते तुम्हाला जमू नये?" बायकोने विचारलं.

"त्यांना कमी वाढणारं कुणीतरी होतं गं!" असं कळवळून म्हणत त्यांनी तिच्यापुढे ताट सरकवलं. "वाढ अजून थोडं. काढा रिकाम्या पोटी बाधतो."

हल्ली ते ही हकीगत कुणालाही प्रामाणिकपणे सांगतात. कमी खाल्लेले उंदीर बरे झाले, हेही लपवत नाहीत. ऐकणारा मान डोलावतो, पोटावरून हात फिरवतो आणि हळूच विचारतो, "पण तो काढा मिळतो कुठे?"

तुम्हीही तेच विचारणार होतात ना? मिळतो. पोटभर जेवून घ्यायचा.