स्विच चौरंगावर बसला त्याची हकिकत

श्रीगजानन विघ्नहर्ता, तैसाच रेंजदाता, ज्याच्या कृपेने गेलेली वीज परत येते आणि अडकलेले पान पुन्हा उघडते, त्यास दंडवत घालून लिहिणे ऐसे की, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, भाद्रपद मासी, गणपती गावास गेल्यावर, संगणकाच्या तासास भरदरबारी एक प्रश्न जाहला. प्रश्न ऐसा: "सर, हे नेटवर्क तुम्ही स्वतःच्या हाताने कधी जोडलंय का?"

प्रश्न करणारे आम्ही. आम्ही म्हणजे लिहिणारी एकटीच, परंतु बखरीत एकट्या माणसानेही आम्ही म्हणावे ऐसा शिरस्ता आहे आणि तो आम्हांस बहुत आवडला. राज्याचे नाव सांगत नाही. इतकेच सांगतो की त्यास निळे फाटक आहे, घंटा आहे, आणि दहावी नामे सरहद्द आहे, जी ओलांडताना भल्याभल्यांचे अवसान गळते. त्या राज्यात संगणकगड म्हणोन एक खोली, तिचा रिवाज ऐसा की पायताण उंबऱ्याबाहेर काढावे, फुंकर घालू नये, आणि संगणक जुन्या पडद्यांच्या झुली पांघरून निजलेले असतात त्यांस हुकुमाविना उठवू नये. गडाचे किल्लेदार उंबरजे सर, मोठे सज्जन, फळ्यावर नेटवर्कची चित्रे ऐशी काढीत की रांगोळीवालीने लाजावे, मध्ये चौकोन, भोवती संगणक, मग बाण आणि सर्वांवर एक गुबगुबीत ढग, त्यास क्लाउड म्हणत. परंतु खरी तार म्हणोन आजवर कोणी डोळां पाहिली नव्हती. तेव्हा तहसीन आणि केतकी, या आमच्या बाकावरील दोघी मुत्सद्दी, यांनी मसलत केली आणि आम्हांस डिवचिले की, वक्तृत्वाची ढाल घरी नेलीस ना, मग हे विचारून दाखव, नाहीतर वर्षभर तुला भाषणेश्वरी म्हणू. गेल्या सालापर्यंत आम्ही हजेरीसही ओठांतल्या ओठांत उत्तर देत होतो, श्रावणात ती ढाल मिळाली आणि तेव्हापासून आवाज खाली बसावयास राजी नाही. सबब उठलो आणि विचारिले.

सरांनी खडू खाली ठेविला, आणि आम्हांस वाटले की आता तोफेच्या तोंडी जातो. मग सर बोलिले, "नाही जोडलं. आमच्या परीक्षेत चित्रच काढायला असायचं." आणि पुढे बोलिले, "तू जोडशील?" शेजारून तहसीन पुटपुटली, "घे, अजून विचार." आणि आम्ही हो म्हणून बसलो, कारण नाही म्हणावयाचा सराव सुटला होता. मग सर तडक मुख्याध्यापिका देवस्थळी बाई यांच्या भेटीस गेले आणि तेथून हुकूम घेऊन आले की, खंडेनवमीस गडावर यंत्रांची पूजा असते, पालक बोलाविले जातात, ते दिवशी सारे संगणक एकमेकांशी बोलते करून दाखवावे, आणि राज्याचे फोटो, जे आजवर बाईंच्या पर्समध्ये एका पेनड्राइव्हात जीव मुठीत धरून राहिले होते, ते क्लाउडवर चढवावे.

हे वर्तमान घरी निवेदन केले. आमचे तीर्थरूप बाबा यांचे औषधांचे दुकान. आयुष्यभर त्यांनी डॉक्टरांची अक्षरे लाविली आणि मनी धरिले की अक्षर लावणाऱ्या घराण्यात एक तरी अक्षर बिघडविणारे निपजावे. म्हणोन दहावीनंतर लेकीने सायन्स घ्यावे आणि डॉक्टरकीचा क्लास लावावा, ऐसा तह त्यांनी क्लासवाल्यांशी परस्पर केला होता. आम्ही अर्ज केला की आमचे मन तारांत आणि क्लाउडात गुंतले, यातच नोकरी करावी, दहावीनंतर पॉलिटेक्निकात जाऊन हेच शिकावे. बाबा बोलिले, "म्हणजे वायरमन होणार?" यावर मातोश्री आई पोळी लाटता लाटता बोलिल्या, "वायरमनला आठवडाभर बोलावतेय मी, येत नाही. डॉक्टर लगेच भेटतो. मान कुणाला जास्त, सांगा." तेव्हा बाबांनी शर्त घातली की, खंडेनवमीस माझ्यादेखत चालले तर या विषयावर बोलू, न चालले तर दिवाळीनंतर मुकाट क्लास. आम्ही शर्त कबूल केली आणि आमचा सारा पुढला जन्म त्या एका दुपारच्या हवाली जाहला.

मग मोहीम मांडिली. सरांनी शहरातून तारेचे भेंडोळे आणि टोके दाबावयाचा चिमटा आणविला, आणि सर व आम्ही तिघी ऐसे चौघे एकाच बाकावर बसून फोनवर व्हिडिओ पाहू लागलो, गुरु कोण आणि शिष्य कोण हा भेद उरला नाही, सरांनीही वही काढिली. तारेच्या पोटी आठ बारीक तारा निघाल्या, नारिंगी, हिरव्या, निळ्या, तपकिरी, प्रत्येकीची एक पांढरी पट्टेवाली जोडीदारीण, आणि त्यांस टोकात ठरल्या मानाने बसवावे लागते. त्यात नवल ऐसे की हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी बसते. हे आम्हांस पटेना, कारण लग्नाच्या पंगतीत देखील नवराबायकोच्या मध्ये पाहुणे बसवीत नाहीत. सबब आमच्या टोकास आम्ही हिरवीस हिरवीशेजारी बसविले, दुसऱ्या टोकास सरांनी व्हिडिओप्रमाणे बसविले, आणि तार मुकी जाहली. सर बोलिले, "तू संसार जुळवलास, मी नेटवर्क." मग टोक कापिले, पुन्हा बसविले, आणि खोबणीपाशी हिरवा दिवा लुकलुकला, तेव्हा केतकीने ऐशी किंचाळी ठोकिली की शेजारच्या वर्गातील संस्कृत थांबले. पुढे प्रत्येक संगणकास आकड्यांचा एक पत्ता द्यावा लागतो, ज्यायोगे निरोप बरोबर घरी पोचतो. केतकीस सात आकडा शुभ, तिने दोन संगणकांच्या पत्त्याशेवटी सातच घातला आणि दोघे एका घरावर हक्क सांगत भांडू लागले. तो तंटा मिटविण्यात एक मधली सुट्टी खर्ची पडली. क्लाउड म्हणजे काय हेही उलगडले, की आभाळात काही नसते, दूर देशी कोणाचे तरी मोठे थंडगार कोठार असते, त्यात संगणक अखंड चालतात आणि त्यातील कोपरा आपणांस वापरावयास मिळतो. तहसीन बोलिली, "म्हणजे आपला डबा शेजारणीच्या फ्रिजमध्ये." सर बोलिले, "हो, फक्त कुलूप आपलं." हीच व्याख्या आम्ही वहीत उतरविली, पुस्तकातली खोडिली. सर्व तारा स्विच नामे एका छोट्या पेटीत येऊन मिळत, हे दिवा लावावयाचे बटण नव्हे, तर चौकातील हवालदार समजावे, कोणाचा निरोप कोणाकडे वळवावयाचा ते तो ठरवितो. त्यास कोपऱ्यातील फळीवर बसविले, आणि नवमीच्या आदले दिवशी सारे सुरळीत चालले, फोटो चढले, सरांनी स्वखर्चे भेळ चारिली.

मग खंडेनवमी उगवली. गडाच्या दाराशी चौरंग मांडिला, त्यावर माळ्याचे खुरपे, घंटेची हातोडी, प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक आणि खिचडीची पळी ऐसा सरंजाम बसविला. पूजेस सुवासिनी म्हणोन आमच्या आईस मान दिला होता, आणि बाबा दुकान नोकरावर सोपवून पहिल्या ओळीत येऊन बसले. आरती जाहली, पेढे वाटिले, आणि देवस्थळी बाईंनी आज्ञा केली की, दाखव. आम्ही छाती पुढे काढून बटण दाबिले आणि काही घडले नाही. पुन्हा दाबिले, तरी नाही. तहसीनने संगणक बंद करून चालू केला, सरांनी झूल घालून पुन्हा काढिली, ते का केले ते त्यांसही ठाऊक नाही, बाई विचारत्या जाहल्या की वीज आहे ना, आणि मागून कोणा पालकाने सुचविले की वरून थापटून पाहा. बाबांनी मनगटावरील घड्याळ पाहिले. परंतु चुका करून एक अक्कल आली होती की अंदाजाचे घोडे दूर दौडवू नयेत, जवळून एकेक पाहात जावे. मग पाहिले, संगणकास वीज होती, तार खोबणीत घट्ट होती, परंतु खोबणीपाशी दिवा नव्हता. शेजारच्याचाही नव्हता, कोणाचाच नव्हता. एक तार मरेल, दोन मरतील, साऱ्या एकदम मरावयाच्या नाहीत, सबब दुखणे मध्यभागी. कोपऱ्यात धावलो तो फळी रिकामी, तारा खाली माना घालून लोंबत होत्या आणि हवालदार गायब.

आम्ही हाक मारिली की पेटी कोणी नेली, तो आई हसतमुखाने पुढे आल्या. "ती लुकलुकणारी ना? मीच ठेवली चौरंगावर. म्हटलं खुरपं बसलं, पळी बसली, माझ्या लेकीचं शस्त्र मागे का?" पाहतो तो खरेच, स्विच पळीशेजारी विराजमान, कपाळी हळदकुंकू, गळ्यात झेंडू, आणि एका खोबणीत अक्षता. आम्ही उचलावयास हात घातला तोच देवस्थळी बाईंनी अडविले की, पूजेतले शस्त्र उद्या सीमोल्लंघनापूर्वी हलवावयाचे नाही, या राज्यात कधी हलले नाही. पालकांनी माना डोलविल्या. बाबा चष्मा पुसू लागले, आणि तो पुसण्याचा ढंगच ऐसा की निकाल लागला. आईचे तोंड एवढेसे जाहले, कारण आता त्यांस उमगले की काय झाले ते.

तेव्हा आम्हांस सुचले ते बोलिलो, "बाई, पेटी नाही हलवायची ना? मग तारा हलवते. तारा पूजेत नाहीत."

बाईंनी विचार केला आणि दुसरा पेच टाकिला की, पूजेतले शस्त्र वापरूही नये. त्यास जबाब आईने दिला. "बाई, समईपण पूजेतच असते. ती काय आपण विझवून ठेवतो?" बाईंनी चौरंगाकडे पाहिले आणि बोलिल्या, "बरं. पण झेंडू काढायचा नाही."

मग एकच धांदल उडाली. सरांनी भयापोटी तारा गरजेपेक्षा लांब कापिल्या होत्या म्हणोन त्या चौरंगापर्यंत पोचल्या, पेटीची विजेची तार दाराशेजारच्या प्लगात खोचिली, केतकीने टाचणीने अक्षता काढिल्या आणि प्रसाद म्हणोन सरांच्या हाती दिल्या. एकच तार तेवढी आखूड पडली, आणि तीच खिडकीतून बाहेरचे इंटरनेट आणणारी, तीविना क्लाउड नाही. नवी तार पालकांदेखत करावी लागली. आठ तारा उलगडल्या, परंतु घाईत निळी सटकली, पुन्हा सटकली. इतक्यात शेजारी कोणी बसल्याची चाहूल लागली, पाहतो तो बाबा, बाह्या सारून. बोलिले, "दे इकडे, मी धरतो. मोहरीएवढ्या गोळ्या मोजतो मी रोज." त्यांनी चिमटीत ऐशा धरिल्या की एक हलेना, आणि बारकाईने पाहून बोलिले, "हिरव्याशेजारी हिरवी नको का?"

"नाही बाबा. निळी मध्ये."

"का?"

"जुन्या टेलिफोनची जोडी मधोमध असायची. नवीन तारा आल्या तरी तिची जागा कुणी मोडली नाही."

बाबा बोलिले, "म्हणजे मानकरी आहे," आणि निळी त्यांनी स्वतः जागेवर सरकविली. आम्ही चिमटा दाबिला, टोक खोबणीत गेले, आणि झेंडूच्या माळेआडून हिरवे दिवे एकामागोमाग लुकलुकू लागले, तेव्हा मागील ओळीतील एका आजोबांनी हात जोडिले. संगणक बोलू लागले, क्लाउडचे कुलूप उघडिले, आणि पडद्यावर पहिलाच फोटो आला तो गॅदरिंगात देवस्थळी बाई फुगडी घालतात तो. गड हसून हसून हलला. बाई विचारत्या जाहल्या की हा कोणी चढविला, तेव्हा केतकी चौरंगाआड बसून पळी पुसत होती.

सायंकाळी घरी बैठक जाहली. बाबांनी प्रांजळपणे सांगितले की चालले हे कबूल, हात तुझा चांगला आहे. परंतु शर्त बोलण्याची होती, ठरविण्याची नव्हती. सबब सायन्स घ्यावे, क्लास करावा, डॉक्टर व्हावे, आणि सुट्टीत हौस म्हणोन दवाखान्यातल्या तारा जोडाव्या.

सारांश ऐसा की, चूक जवळून शोधिली म्हणोन सापडली, देवाचाही मान राहिला, मोहीम फत्ते जाहली. परंतु जो मुलुख आपला म्हणावयाचा त्याचे नाव आपल्या तोंडाने घ्यावे लागते, ते काम ढालीने होत नाही की दिव्यांनी होत नाही. म्हणोन आम्ही उभयतांसमोर उभे राहिलो, आणि बोलिलो ते अक्षरशः ऐसे: "आई, बाबा, मी दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाणार. नेटवर्क आणि क्लाउड शिकणार. क्लासवाल्यांना तुम्ही काही सांगू नका, उद्या मीच फोन करते."