बापूकाकांचे जवाब

आमचे शेजारी बापूकाका क्लॅरिनेट वाजवायचे कमी आणि थांबायचे जास्त. दोन ओळी वाजवल्या की वाद्य मांडीवर, डोळे मिटलेले, पायाचा ठेका मात्र चालू. तेवढाच वेळ गप्प बसून पुन्हा दोन ओळी. सिडनीत, आमच्या वेंटवर्थव्हिलमध्ये लॉकडाउन लागला, मी घरून काम करू लागले आणि कुंपणापलीकडचा हा प्रकार रोज दुपारी माझ्या मीटिंगमध्ये शिरू लागला. समोरचा ग्रेग तर काळजीने विचारून गेला, "इज इट ब्रोकन, मेट?"

शेवटी मी कुंपणाशी गेले. "काका, अडतंय का कुठे?"

काकांनी बोट वर केलं. "जरा थांब. बाबांचं चाललंय."

मग उलगडा झाला. मुंबईत जॅझ नवंनवं आलं, तेव्हा काकांचे वडील हॉटेलच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. रात्री साहेबांना नाचवायचं, दिवसा लाल कोट चढवून वरातीपुढे चालायचं. त्यांनी बापलेकांसाठी एक चाल बांधली होती, सवाल-जवाबाची. सवाल वडिलांचा, जवाब काकांचा. वडील जाऊन जमाना झाला, त्यांची एकही रेकॉर्ड निघाली नाही. काका मात्र आपले जवाब इमानेइतबारे देत होते.

"मग सवालही तुम्हीच वाजवा ना! मी फोनवर रेकॉर्ड करते. तुमच्यानंतर ती चाल कुणाला येणार?" मी माझ्या पुणेरी फटकळपणाने म्हटलं.

"अगं, भरलेल्या खुर्चीत कोणी बसतं का?"

जागा सोडणं हा काकांचा स्वभावच. दुकानाच्या रांगेत दीड मीटर सोडा म्हटलं, तर हे तीन सोडायचे. मधे कुणीही घुसायचं. काका वर त्यालाच "नो वरीज" म्हणायचे.

जवाब त्यांनी मुलाला, निखिललाही शिकवले होते. पण युनिव्हर्सिटीत गेल्यावर त्याचं क्लॅरिनेट बॅगेत गेलं ते गेलंच. आता तो पर्थला होता, आणि कोविडमुळे राज्याराज्यांमधल्या बॉर्डर बंद होत्या. "बाबा, बॉर्डर उघडली की येतो, क्लॅरिनेट घेऊनच येतो," असं त्याने फोनवर सांगितलं होतं. तेव्हापासून काका जो भेटेल त्याला बॉर्डरची बातमी विचारायचे.

निखिलचं तिकीट पुन्हा रद्द झालं, त्या दुपारी मी मीटिंगमध्ये होते. पलीकडून सूर आले ते मी कधीच ऐकले नव्हते. खट्याळ, जरा मिजासखोर, लाल कोटात शोभतील असे. मला कळायला वेळ लागला नाही. काका वडिलांचे सवाल वाजवत होते.

दोन ओळी झाल्या आणि काका थांबले. मी लॅपटॉप तसाच सोडून बाहेर धावले.

"काका, थांबलात का? पुढचा जवाब तर तुमचाच ना!"

काकांनी डोळे न उघडता बोट वर केलं. "जरा थांब. निखिलचं चाललंय."

काकांच्या पायाचा ठेका चालू होता, आणि मी कुंपणाला धरून निखिलचं वाजवून होण्याची वाट पाहत उभी राहिले.