गिरणीवरचे बिरादार

व्यंकटराव बिरादार पहिल्यांदा आमच्या दारात उभे राहिले तेव्हा सकाळचे पावणेसात झाले होते. माझी शाळेची गडबड, मुलीचा डबा भरायचा राहिलेला, नवरा फर्स्ट शिफ्टला निघून गेलेला. दार उघडलं तर समोर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं, मतदार यादीचं काम असेल.

"पुस्तक कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"पुस्तक. आमचं. सव्वीस तारखेला तुमच्याकडं आलंय. दहाला परत यायचं होतं. आज बारा. म्हणलं आजारी-बिजारी पडलं का काय, बघून यावं."

आणि ते आत येऊन सोफ्यावर बसले. एखाद्याच्या घरी लग्नाची मुलगी बघायला आल्यासारखे, गुडघ्यावर हात ठेवून. मी घरभर शोधलं. पुस्तक वॉशिंग मशीनवर सापडलं आणि त्याच्या मुखपृष्ठावर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. व्यंकटरावांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली. वर्तुळ मोजलं.

"बहात्तर मिलिमीटर," ते म्हणाले. "मोठ्या कपानं पिताव चहा."

चाकणच्या एका कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. दिवसभर यंत्रांचे लोखंडी दांडे, म्हणजे शाफ्ट, मोजायचे. बरा असेल तर ओके, थोडा चुकला असेल तर रिवर्क, फारच चुकला तर रिजेक्ट. मूळचे उदगीरकडचे. रिटायर झाल्यावर गावी जातील असं सगळ्यांना वाटत होतं, पण त्यांनी मोशीत वाचनालय काढलं. गिरणीवाल्या बबनरावांची पहिल्या मजल्यावरची खोली रिकामी होती, ती मिळाली. त्यामुळे आमच्या वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकावर पिठाचा एक बारीक थर असतो. रहस्यकथांवर बाजरी, कवितांवर गहू. संतवाङ्मयाचं कपाट खिडकीपाशी आहे, त्याच्यावर मिरची कांडपाची पूड येते. तिथे उभं राहिलं की डोळ्यांत पाणी येतं, आणि नव्या माणसाला वाटतं हा वाचक फार भाविक आहे.

उशीर झाला तर व्यंकटराव दंड घेत नाहीत. शिक्षा देतात. रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयात यायचं आणि सगळ्यांसमोर दहा पानं मोठ्यानं वाचायची. या कार्यक्रमाला ते 'वाचनकट्टा' म्हणतात. इतरत्र अशा कार्यक्रमांना माणसं जमवायला फलक लावावे लागतात. आमच्याकडे गुन्हेगारांची कधीच टंचाई नसते.

मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे मला वाटलं, हे तर घरचंच काम. मी झोकात सुरुवात केली. दुसऱ्याच पानावर खाली बबनरावांनी गिरणी चालू केली.

"मोठ्यानं!" व्यंकटराव ओरडले.

गोष्ट भुताची होती. भूत दबक्या पावलांनी येऊन नायिकेच्या कानात कुजबुजत होतं. ते कुजबुजणं मी बेंबीच्या देठापासून ओरडून वाचलं. नायिका किंचाळणार, तेवढ्यात पट्टा निसटला आणि गिरणी थांबली. खोलीत शांतता. आणि खालून बबनरावांचा आवाज आला, "मंग? फुडं काय झालं? थांबल्या का बाई?"

जिन्यातून डोकावून पाहिलं तर खाली दळणाच्या रांगेत सात-आठ बायका डबे घेऊन माना वर करून उभ्या होत्या. एकीचं दळण केव्हाच झालं होतं. व्यंकटराव रजिस्टर घेऊन लगेच खाली उतरले आणि त्यांनी सगळ्यांची नावं लिहून घेतली. 'दळण होईस्तोवर सभासद' असा एक नवाच रकाना त्या दिवसापासून सुरू झाला.

वाचणं झाल्यावर व्यंकटराव निकाल देतात. मला त्यांनी "रिवर्क" दिला. म्हणाले, "बाई, तुमी शिकवल्यासारखं वाचताव. ऐकणाऱ्याला भ्या वाटतं, आता प्रश्न विचारतील."

"ओके" मिळालेला एकच माणूस होता. सदाशिव घुले. चाकणला मशीन ऑपरेटर, आमच्याच गल्लीत राहायचा. पुस्तक कधी वेळेवर परत करायचा नाही, पण हे विसरभोळेपणामुळे नव्हे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला वाचायलाच यायचं असायचं. वाचायला लागला की पाटील पाटलासारखा बोलायचा, म्हातारी म्हातारीसारखी. त्याच्या पाळीच्या रविवारी बबनराव स्वतःहून गिरणी बंद ठेवायचे, आणि बायका दळण नसताना रिकामे डबे घेऊन यायच्या. व्यंकटराव डोळे मिटून ऐकायचे. नंतर म्हणायचे, "घुले, परत उशीर केलात. फुडच्या रविवारी परत दहा पानं." सदाशिव मान खाली घालून हसायचा.

व्यंकटराव स्वतः मात्र कधी वाचायचे नाहीत. कोणी आग्रह केला की म्हणायचे, "मी तपासणारा माणूस. आपल्याला वाचता येत न्हाई, मोजता येतं."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सदाशिवला अपघात झाला. सेकंड शिफ्टला जाताना मोटरसायकल घसरली, डोकं दुभाजकावर आपटलं. पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण माणूस बोलेना. डोळे उघडे, नजर छताला. आठवडा गेला, दहा दिवस गेले.

शनिवारी माझी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली आणि मोशीच्या बसथांब्यावर व्यंकटराव दिसले. इस्त्रीचा शर्ट, पिशवी.

"कुठं निघालात?"

"पिंपरीला. घुलेंकडं आपलं पुस्तक हाय. अकरा दिवस वर झाले."

माझा विश्वास बसेना. "अहो, काही काळवेळ? त्या माणसाची अवस्था काय आहे..."

"पुस्तक पिशवीत होतं त्यांच्या. अपघाताच्या टायमाला," ते म्हणाले आणि बसमध्ये चढले. मी पण चढले. म्हटलं, हा माणूस तिथे जाऊन 'पुस्तक कसं हाय' विचारणार, निदान त्याचं तोंड दाबायला कोणीतरी हवं.

वॉर्डात सदाशिवची बायको मंदा उशाशी बसली होती. दहा दिवसांत दहा वर्षांनी मोठी दिसत होती. व्यंकटरावांना पाहिल्याबरोबर ती उठली, कॉटखालची पिशवी ओढली आणि तिने पुस्तक काढून पुढे धरलं. "तुमचंच ना काका? द्यायचं राहून गेलं हो."

पुस्तकाचा एक कोपरा चेमटला होता, पाठीवर काळा ओरखडा होता. मी व्यंकटरावांच्या खिशातल्या पट्टीकडे बघत होते. त्यांनी पुस्तक उघडलं. एका पानाचा कान दुमडलेला होता. आमच्या वाचनालयात पानाचा कान दुमडणं म्हणजे महापाप.

"हितपर्यंत वाचून झालंय व्हय?" त्यांनी मंदाला विचारलं.

"मला काय ठाव काका. डॉक्टर म्हनत्यात, बोलत ऱ्हावा त्यांच्याशी, ऐकू जात असंल. मी काय बोलू? पोरगं जेवलं, शाळेत गेलं. रोज तेच तेच. माझाच मला कंटाळा येतो."

व्यंकटरावांनी स्टूल ओढलं. चष्मा लावला. आणि दुमडलेल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

इतकं वाईट वाचन मी जन्मात ऐकलेलं नाही. पाटील, म्हातारी, रडणारी पोर, भुंकणारं कुत्रं, सगळे एकाच आवाजात. इन्स्पेक्शन रिपोर्ट वाचावा तसं. "ती म्हणाली स्वल्पविराम मी येणार नाही." स्वल्पविरामसुद्धा वाचत होते! पलीकडच्या कॉटवरचा देहूरोडचा एक म्हातारा म्हणाला, "ओ पाहुणे, जरा मोठ्यानं." व्यंकटरावांनी गिरणीचा आवाज लावला. तशी सिस्टर धावत आली. "आजोबा! हॉस्पिटल आहे हे. शांतता राखा!"

ज्या माणसाने आपल्या वाचनालयात 'शांतता राखा' अशा पाच पाट्या लावल्यात, तो ओशाळून "सॉरी, सॉरी" म्हणाला आणि हळू आवाजात पुढे वाचू लागला.

त्या दिवसापासून ते रोज गेले. दुपारी वाचनालय बंद करायचं, बस धरायची, भेटीच्या वेळेत दहा पानं वाचायची. दहाच. देहूरोडच्या म्हाताऱ्याला डिस्चार्ज मिळाला तर तो म्हणे दोन दिवसांनी परत विचारायला आला, पुढे काय झालं. सदाशिव मात्र छताकडे बघत असायचा.

दोन शनिवारांनंतर मी पुन्हा गेले. व्यंकटराव वाचत होते. गोष्टीतली सून घरातून भांडून निघाली होती. पान उलटलं आणि पुढे ती विहिरीच्या काठावर उभी होती. व्यंकटराव आपले रिपोर्ट वाचत चालले होते. माझं लक्ष नव्हतं, मंदा सलाईनकडे बघत होती.

"कधी गेली?"

आवाज इतका खरखरीत होता की कोण बोललं ते आधी कळलंच नाही.

"ती... विहिरीपाशी... कधी गेली?" सदाशिवने विचारलं.

मंदाने तोंडावर पदर धरला. व्यंकटराव गडबडले. पुस्तकात बोट घालून पानं चाचपायला लागले. दोन पानं एकमेकांना चिकटली होती. पीठ ओलं होऊन खळ झाली होती.

"दोन पानं सुटली," ते म्हणाले. "माझी चूक हाय. घुले, रिजेक्ट करा मला."

मंदा रडत होती, हसत होती. कोणीतरी सिस्टरला बोलावलं, सिस्टरने डॉक्टरांना. त्या गर्दीत व्यंकटराव कधी बाहेर गेले कळलं नाही. मी खाली आले तेव्हा ते बसथांब्यावर, पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. मी शेजारी बसले. ते पुस्तकाच्या चेमटलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत होते.

मग म्हणाले, "आमची मंडळी अशीच दवाखान्यात होती. उदगीरला. अठरा दिवस. मी रजा टाकून उशाला बसलो होतो. सकाळी विचारायचो, बरं हाय का. म्हणायची, हाय. चहा घेतलास का. घेतला. संपलं. तिसरं वाक्य सुचायचं न्हाई. ती म्हणायची, बोला की वो काहीतरी. आता मी काय बोलणार बाई? जन्म सगळा शाफ्ट मोजण्यात गेला."

समोरून दोन बस गेल्या. आमची नव्हती त्यांतली एकही.

"एक दिवस हातात बिस्किटाचा पुडा होता. त्याच्यावरचं वाचून दाखवलं तिला. मैदा, साखर, खायचं तेल. कोरड्या जागी ठेवा. कुठं तयार झालं, सगळं. हसली. लई दिवसांनी हसली. म्हणली, अजून वाचा."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"पुड्यावर तेवढंच होतं."

बस आली. आम्ही चढलो, खिडकीपाशी जागा मिळाली. मला काहीतरी बोलायला हवं होतं. वर्गात साठ पोरांसमोर तासभर न थांबता बोलणारी मी. भोसरी आली तरी मला एक शब्द सुचला नाही. शेवटी म्हटलं, "ती चिकटलेली दोन पानं मीही ऐकलेली नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पट्टीच्या कडेने अलगद, कागद न फाटू देता, पानं सोडवली, घसा खाकरला आणि त्या सपाट आवाजात वाचायला लागले. पुढच्या सीटवरच्या बाईने कानातला हेडफोन काढला आणि मान थोडी आमच्याकडे वळवली.