मामंजींचा डिव्हिडंड मी कापला नाही

चूक दिसली की ती दुरुस्त झाल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. घरचे याला खोड म्हणतात. म्हणोत बापडे.

मामंजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे शेअर्स मीच सांभाळते. त्यांनी रंग बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर्स घेतलेत. कंपनीने शेअरमागे साडेआठ रुपये डिव्हिडंड देऊ असं जाहीर केलं होतं, पण शेअर्सच्या सॉफ्टवेअरवर आकडा पंच्याऐंशी. बिचारा दशांशचिन्हाचा ठिपका कुठेतरी गळून पडला होता.

मी लगेच सॉफ्टवेअरवाल्यांना तक्रारीसाठी फोन लावला.

"मॅडम, कमी दाखवतंय का?" पलीकडच्या मुलाने विचारलं.

"नाही, जास्त."

"मग तक्रार काय आहे?"

"हीच."

"जास्त दाखवल्याची तक्रार आजवर कुणी केलेली नाही. तसा पर्यायच नाही आमच्याकडे. 'आकडा चुकीचा, कमी' असं टाकतो."

मी नको नको म्हणेपर्यंत त्याने टाकलंही. दुसऱ्या दिवशी कुणा कर्तव्यदक्ष माणसाने आकडा वाढवून आठशे पन्नास केला.

नेमका तो मामंजींनी पाहिला. मी आंघोळ करून येईपर्यंत त्यांनी पाठ चेपून देणारी खुर्ची मागवली होती आणि माझ्या नणंदेला फोन करून, "तुझ्या स्वयंपाकघराच्या फरशा माझ्याकडून," असं कबूलही केलं होतं.

"मामंजी, आकडा चुकलाय."

"संगणक चुकत नसतो. माणसं चुकतात," मामंजी म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी तडक त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. साहेब जेवायला गेलेत म्हणाले. म्हटलं, जेवू दे, पचू दे, मी आहे इथेच. शेवटी साहेबांनी माझ्यासमोर आकडा साडेआठ केला, तेव्हाच उठले.

घरी आले तर पंचायत बसलेली.

"माझा डिव्हिडंड कापून आलीस?" मामंजी.

"तो तुमचा नव्हताच."

"होता. स्क्रीनवर होता."

नणंद फोनवर होतीच. "वहिनी, आमचं जरा बरं झालेलं बघवत नाही का हो तुम्हाला?"

आमचे हे म्हणाले, "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"म्हणजे तुमच्या स्क्रीनवर बघून कंपनीने पैसे पाठवले असते?"

यावर तिघेही रुसले. खुर्ची परत गेली, आणि मामंजी दोन दिवस माझ्याशी सासूबाईंमार्फत बोलले. मी माघार घेतली नाही. खरं ते खरं. हळूहळू सगळ्यांनी साडेआठवर समाधान मानलं.

मग कंपनीची नोटीस आली. कारखान्यात पाणी शिरून नुकसान झालंय, सबब यंदा डिव्हिडंड रद्द.

सॉफ्टवेअरवर मात्र साडेआठ तसाच. मामंजी रोज चहा घेताना तो बघत, आणि त्यांना बरं वाटे.

मी एक दिवस कळ काढली. दुसऱ्या दिवशी फोन लावला. आकडा शून्य करून घेतलाच. कुणाच्या बापाला भीत नाही मी.

फक्त या खेपेस तक्रार मामंजींच्या नावाने केली. खातं त्यांचंच आहे, त्यात खोटं काहीच नाही.