मसाल्यापुरतं इटालियन

स्वतःच्याच मालाला महाग म्हणणारा दुकानदार अख्ख्या लातुरात एकच, आमचे मसालेवाले रशीदचाचा. गिऱ्हाईक पायरी चढलं की हेच विचारणार, "क्वांतो कोस्ता?" म्हणजे केवढ्याला. मग मिरी तोलून स्वतःच मान हलवणार, "त्रोप्पो कारो." म्हणजे लई महाग.

भूकंपानंतर मदतीला आलेल्या एका इटालियन नर्सबाईकडून ते हे शिकले. बाई पडली गिऱ्हाईक. त्यामुळं चाचांना सगळं घेणाऱ्याचंच बोलता यायचं, विकणाऱ्याचं अवाक्षर नाही. मी वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो, शेजारच्या क्लासात फिजिक्स शिकवायचो. मास्तरकीची खोड, एकदा ही चूक समजावून सांगितली. तर म्हणाले, तुमी तुमच्या पोरांना शिकवा. रोज दुकान उघडलं की एकटेच उजळणी करायचे, मिरी पेपे नेरो, दालचिनी कन्नेल्ला, केशर झाफ्फेरानो. केशर दुकानात कधी नव्हतंच! निलंग्याहून येणारी एक म्हातारी तोंडावर सांगायची, मियाँला याड लागलंय.

पुढं गल्लीत क्लास आणि होस्टेलं झाली. मेसवाले तयार पाकिटं घेऊ लागले, चाचांचं गिऱ्हाईक आटलं. आमच्या क्लासच्या मालकांना ते दुकान हवं होतं, बदल्यात रिंगरोडला मोठा गाळा द्यायला तयार होते. समजूत घालायला मला धाडलं. मीही अतिशहाणा, गेलो. म्हटलं, चाचा, इथं नुसत्या माशा मारत बसलात, तिथं धंदा तरी होईल.

ते मिरीतले खडे निवडत राहिले. मग खाली बघूनच सांगू लागले. त्यांची सात वर्षांची नसीम औशाकडं आजोळी होती, भूकंपात घर अंगावर पडलं. महिनाभर दवाखान्याच्या तंबूत त्या बाईनंच तिचं सगळं केलं. बाई लातूरला मिरी न्यायला यायची, तेव्हा पोरीची खुशालीही सांगायची. पोर वाचली नाही. घरात कुणाची तसबीर काढायची नाही, ही चाचांच्या अब्बांची शिस्त, म्हणून नसीमचा एकही फोटो नव्हता. बाईनं मात्र तंबूत एक काढला होता. आणून देईन, असं खुणांनी सांगून ती आपल्या देशाला गेली. बारा वर्षं झाली.

पत्र तरी टाका, मी म्हटलं. पण बाईचं पुरतं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. मला फार लाज वाटली.

"तिला हेच दुकान ठावं हाय, सर. हलवलं तर ती कुठं हुडकंल?" चाचा म्हणाले. मग हळूच बोलले, "आता मला नसीमचा चेहराच आठवंना झालाय."